एक हजार चोवीस

"ताई, आकडा आला का?"

धरणाचे दरवाजे चालवणारे दुधाणे तात्या दारात उभे होते. सकाळपासून ही त्यांची तिसरी खेप. मी मान न वळवताच म्हटलं, "येतोय तात्या. फायली उतरतायत."

अगदीच खोटं नव्हतं. फायली उतरून दहा मिनिटं झाली होती, एवढंच. आकडा मात्र यायला तयार नव्हता. पडद्यावरच्या काळ्या खिडकीत मी कमांड टाकायची, एंटर दाबायचं, प्रोग्रॅम मुकाट चालू व्हायचा आणि मिनिटाभरात मध्येच कोलमडायचा. मागे दोन शब्द उरायचे. सेगमेंटेशन फॉल्ट. का पडला, कुठे पडला, एक अक्षर नाही. बोलता बोलता समोरच्यानं फोन आपटावा, तसला कारभार.

"फायली उतरतायत," तात्यांनी माझेच शब्द घोळवले आणि ते पायरीवर टेकले. त्यांच्या गळ्यातला मोबाइल शर्टाच्या खिशात होता आणि दर दोन मिनिटांनी त्यांचा हात तिकडे जात होता.

ही गोष्ट अकरा वर्षांपूर्वीच्या दसऱ्याची. जांभी धरणाच्या पूरनियंत्रण कक्षात मी कंत्राटी संगणकचालक होते. कक्ष म्हणजे धरणाच्या पायथ्याशी एक पत्र्याची खोली, त्यात एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक टेलिफोन आणि मी. काम तसं सोपं. वर डोंगरात छत्तीस पर्जन्यमापक बसवलेले होते. त्यातलं प्रत्येक यंत्र दर तासाला एक छोटीशी फाईल पाठवायचं. प्रोग्रॅम मागच्या तीन दिवसांच्या सगळ्या फायली एकदम वाचायचा आणि संध्याकाळपर्यंत धरणात किती पाणी येणार तो आकडा छापून द्यायचा. दहा हजार क्युसेकच्या खाली असला तर सगळे निवांत. वर गेला तर दरवाजे उघडायचे, आणि त्याआधी खालच्या गावांना सांगायचं.

धरण त्या दिवशी काठोकाठ भरलेलं होतं. आमच्याकडे लख्ख ऊन, पण घाटमाथ्यावर तीन दिवसांपासून परतीचा पाऊस झोडपत होता.

आणि खाली करंजोळ होतं. तात्यांचं गाव. करंजोळची ग्रामदेवता दसऱ्याला पालखीतून नदीपलीकडे शमीच्या झाडाला जाते. पूल आहे, पण देवी पुलावरून जात नाही. नदीच्या पात्रातून, गोट्यांवरून, अनवाणी भोयांच्या खांद्यावरून जाते, आणि मागून अख्खं गाव. धरणातून पाणी सोडलं की पाऊण तासात ते त्या पात्रात पोचतं. पालखी साडेचारला देवळातून निघायची होती. तात्यांचा मुलगा दशरथ त्या वर्षी पहिल्यांदा खांदा देणार होता.

"न्हाय म्हंजे, माझी घाई न्हाय," तात्या पायरीवरून म्हणाले. "बायकू इचारतीया सारखी. तिला कायतरी सांगाय लागंल ना."

मी पुन्हा एंटर दाबलं. पुन्हा तेच दोन शब्द.

माझ्या पाचावर धारण बसली होती, आणि त्याचं कारण नुसतं प्रोग्रॅम पडत होता एवढंच नव्हतं. कॉम्प्युटरला आदल्या दिवशीची झेंडूची माळ होती. खंडेनवमीला आमच्याकडे सगळ्या हत्यारांची पूजा होते. दरवाज्यांच्या मोटारी, पाने, पहारी, साहेबांची जीप, आणि माझा कॉम्प्युटर. आकाश मोकळं दिसत होतं, म्हणून मी हौसेनं मशीन बंद केलं, आतली धूळ काढली, ओल्या फडक्यानं पुसलं, हळदकुंकू लावलं. पूजा झालेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नसतो, म्हणून रात्रभर बंदच ठेवलं. सकाळी दहाला चालू केलं.

आणि माझ्या आधी हे मशीन सांभाळणाऱ्या खोपकर काकांनी निवृत्त होताना मला एकच गोष्ट बजावून सांगितली होती. "पोरी, ही काळी खिडकी आहे ना, ही बंद करू नकोस. दुसऱ्या हव्या तेवढ्या उघड. ही राहू दे." दोन वर्षं ती खिडकी आणि ते मशीन, वीज गेली तरी बॅटरीच्या जोरावर, अखंड चालू होतं. मी त्यांना हो म्हटलं होतं आणि मनात हसले होते. म्हाताऱ्या माणसांच्या असतात अशा सवयी, कुणी उंबऱ्यावर पाय देत नाही, कुणी खिडकी बंद करत नाही.

आता मला हसू येत नव्हतं. पण एका खिडकीनं असा काय फरक पडतो, हेही कळत नव्हतं. मी अगदी तशीच दुसरी उघडली होती, तीच कमांड टाकत होते.

टेलिफोन वाजला. वर धरणाच्या भिंतीवर दरवाज्यांची केबिन होती, तिथून उपअभियंता बिडकर साहेब बोलत होते.

"काय झालं? दीड वाजला."

"सर, एखादी फाईल खराब आलीय बहुतेक. शोधतेय."

"बहुतेक?"

"शोधतेय सर."

"हे बघ, पातळी तासाला दीड इंचानं चढतेय. हे पुढे वाढणार की इथंच थांबणार, ते मला तुझ्या आकड्याशिवाय कळणार नाही. चारच्या आत मला काय ते ठरवलं पाहिजे. आणि अंदाजानं मी काही करणार नाही, मागच्यासारखं."

मागच्यासारखं म्हणजे काय ते सगळ्यांना पाठ होतं. दोन वर्षांपूर्वी साहेबांनी नुसत्या अंदाजावर करंजोळला सांगून पालखी थांबवली होती, आणि पाणी आलंच नाही. देवीचं सोनं चुकलं म्हणून गावानं कार्यालयाला टाळं ठोकलं, आमदारांपर्यंत गेले, साहेबांना लेखी खुलासा द्यावा लागला. तेव्हापासून वरून हुकूम होता. छापील आकडा हातात असल्याशिवाय इशारा द्यायचा नाही.

मशीन काल बंद केलं होतं, हे साहेबांना सांगायची तीच वेळ होती. पण कंत्राट दर सहा महिन्यांनी नव्यानं व्हायचं, आणि ते नोव्हेंबरात संपत होतं. मी म्हटलं, "अर्ध्या तासात देते सर."

मग मी खराब फाईल शोधायला बसले. तीन दिवसांच्या अडीच हजारांवर फायली. एकेक उघडून बघणं शक्य नव्हतं, म्हणून विचार केला की जुने दोन दिवस बाजूला काढू आणि फक्त शेवटच्या चोवीस तासांच्या फायली देऊन बघू.

एंटर दाबलं. मिनिट गेलं. दीड मिनिट गेलं. प्रोग्रॅम पडला नाही. प्रिंटर खडबडून जागा झाला आणि कागद बाहेर आला.

दोन हजार आठशे क्युसेक.

मला इतकं हायसं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. कागद नेहमीसारखाच होता. वर धरणाचं नाव, तारीख, वेळ, खाली ठळक आकडा. किती दिवसांच्या फायलींवरून काढला, हे त्या कागदावर छापून येत नसे. आणि हे मला माहीत होतं, अगदी पक्कं माहीत होतं, की एका दिवसाचा पाऊस दिला तर प्रोग्रॅम जमीन कोरडी धरतो. कोरडी जमीन पाणी पिते. तीन दिवस झोडपलेली जमीन पीत नाही, सगळं खाली सोडून देते. हा आकडा आकडा नव्हताच.

पण तो छापील होता.

मी स्वतःशी काय काय बोलले, ते आजही आठवतं. जुन्या फायली खराबच असणार. मागचा पाऊस असून असून किती असणार? थोडाफार फरक पडेल. दहा हजार आणि अठ्ठावीसशे यांच्यात किती अंतर आहे. माणूस स्वतःला फसवायला बसला की त्याच्यासारखा हुशार कुणी नाही.

तात्या प्रिंटरचा आवाज ऐकून आत आले होते.

"आला?"

"आला. अठ्ठावीसशे. साहेबांना देऊन या."

त्यांनी कागद दोन्ही हातांनी घेतला, लांब धरून वाचला. तीस वर्षं दरवाजे चालवणारा माणूस, त्यांना आकडा वाचता येत होता. "अठ्ठावीसशे," ते म्हणाले. "बेस झालं." पण निघाले नाहीत. "ताई, पोरगं खांदा देतंय आज. ह्यो पक्का ना?"

मी कीबोर्डवरची झेंडूची पाकळी उचलत म्हटलं, "पक्का."

ते गेले. सव्वादोन वाजले होते.

त्यानंतर साहेबांचा फोन यायचा बंद झाला. कागद पोचला, काम मिटलं, पालखी निघणार, सोनं लुटणार, आणि उद्या मी निवांतपणे खराब फाईल शोधून काढणार. मी डबा उघडला. घास तोंडात फिरायला लागला. डबा बंद केला.

मग केवळ स्वतःची खात्री व्हावी म्हणून, दुसऱ्या कशासाठी नाही, मी परवाच्या दिवसाच्या फायली एकट्या दिल्या. खराब फाईल त्यात असेल तर प्रोग्रॅम पडेल, आणि मला ती सापडेल.

प्रोग्रॅम पडला नाही.

मग त्याच्या आदल्या दिवसाच्या दिल्या. तोही चालला. तिन्ही दिवस एकेकटे चालत होते. तिन्ही एकत्र दिले की पडत होता. म्हणजे खराब फाईल नव्हतीच. एकही नव्हती. पाऊस खरा होता, तिन्ही दिवसांचा खरा होता, आणि मी त्यातले दोन दिवस कापून तात्यांच्या हातात दिले होते.

काय बिघडलंय ते तरीही कळत नव्हतं. एवढंच कळलं होतं की बिघाड पावसात नाही, माझ्या मशीनमध्ये आहे. आणि मशीनला कालपासून वेगळं असं एकच घडलं होतं, आणि ते मी केलं होतं.

खोपकर काका चिपळूणला मुलीकडे राहायला गेले होते. फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. बाहेर ऊन तसंच लख्ख होतं, घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती, आणि करंजोळच्या बाजूनं ढोलाचा पहिला ठेका वाऱ्यावर आला. चौथ्यांदा कुणीतरी बाईनं उचलला. बाबा पंगतीला बसलेत म्हणाली. मी म्हटलं, "उठवा त्यांना. प्लीज उठवा. जांभीहून बोलतेय."

काका आले तेच हसत. "काय गं, सोनं फोनवर देणार का?"

"काका, मशीन मी काल बंद केलं. पूजेसाठी."

तिकडचा पंगतीचा आवाज ऐकू येत होता.

"खिडकी गेली?"

"गेली."

"प्रोग्रॅम पडतोय?"

"तीन दिवस दिले की पडतो. एकेक दिवस दिला की चालतो. फायली सगळ्या चांगल्या आहेत."

"छत्तीस गुणिले चोवीस किती?"

"काका, आत्ता..."

"सांग!"

"आठशे चौसष्ट."

"त्याच्या तिप्पट?"

"दोन हजार पाचशे ब्याण्णव."

"आणि एका खिडकीला एका वेळी किती फायली उघड्या ठेवायला मिळतात, ठाऊक आहे? एक हजार चोवीस. सिस्टीमचं लिमिट आहे ते. हा प्रोग्रॅम एकदा उघडलेली फाईल शेवटपर्यंत बंद करत नाही, सगळ्या उरावर घेऊन बसतो. एक हजार चोवीस झाल्या की सिस्टीम म्हणते, आता नाही. आणि ज्या महाभागानं हा प्रोग्रॅम लिहिला त्याला फाईल उघडलीच नाही तर काय, हे सुचलंच नाही. हातात काही नसताना तसाच पुढे जातो आणि तोंडावर पडतो. म्हणून तुला धड कारणसुद्धा कळत नाही."

"मग तुमच्या वेळी?"

"मी त्या खिडकीत लिमिट वाढवून ठेवलं होतं. ते त्या खिडकीपुरतंच असतं. खिडकी मेली की पुन्हा एक हजार चोवीस."

"तुम्ही मला हे सांगितलं का नाही?" मी जवळजवळ ओरडले.

"बंद करू नकोस म्हणालो होतो की."

"का, ते नाही सांगितलं!"

"तू विचारलं नाहीस." मग त्यांचा आवाज खाली आला. "आणि मला वाटलं, पुढच्या आठवड्यात कायमचं नीट करून ठेवू. तो पुढचा आठवडा दोन वर्षं चालला. ते जाऊ दे. लिही. यूलिमिट. स्पेस. डॅश एन. स्पेस. आठ हजार एकशे ब्याण्णव."

मी टाकलं. एंटर. सिस्टीमनं सांगितलं, परवानगी नाही.

"नाही म्हणतंय काका."

"मी मुख्य खात्यातून केलं होतं. तो पासवर्ड विभागीय कार्यालयात."

"आज सुट्टी आहे."

"थांब. थांब जरा." कुणीतरी त्यांना वाढायला आलं असावं, ते तिच्यावर खेकसले. "तुझ्या खात्याला किती वर जाता येतं, ते विचारू. यूलिमिट, डॅश, कॅपिटल एच, एन. काय आलं?"

"चार हजार शहाण्णव."

"तुला किती पाहिजेत?"

"दोन हजार पाचशे ब्याण्णव."

"मग रडतेस कशाला? चार हजार शहाण्णव टाक. आणि त्याच खिडकीत प्रोग्रॅम चालव. दुसऱ्या नको."

मी टाकलं. या वेळी सिस्टीम काहीच बोलली नाही. ती बोलली नाही म्हणजे चाललं, हे काकांनीच शिकवलं होतं. प्रोग्रॅम चालू केला. एक मिनिट. रिसीव्हर खांद्यात दाबून मी टेबलाची कड धरून बसले होते. दीड मिनिट. काका तिकडून "पडला?" म्हणायचे, मी "नाही" म्हणायची. दोन मिनिटं. तीन.

प्रिंटर सुरू झाला.

एकवीस हजार चारशे क्युसेक.

मी काकांना काही न सांगताच फोन ठेवला आणि केबिनला लावला. एंगेज. पुन्हा लावला. एंगेज. कागद घेऊन मी धावत सुटले. भिंतीवर चढायला एकशे चाळीस पायऱ्या आहेत. त्या चढताना ढोलाचा आवाज सारखा येत होता, आणि माझ्या डोक्यात एकच वाक्य होतं, ते मी पायऱ्यांच्या तालावर घोकत होते. साहेब, मघाचा कागद चुकीचा आहे. साहेब, मघाचा कागद चुकीचा आहे.

केबिनमध्ये बिडकर साहेब विभागीय कार्यालयाच्या ड्युटी अधिकाऱ्याशी फोनवर हुज्जत घालत होते. तात्या दरवाज्यांच्या बटणांपाशी उभे होते.

"साहेब," मला धाप लागली होती. "मघाचा कागद चुकीचा आहे. हा खरा."

साहेबांनी रिसीव्हरवर हात ठेवला. "मघाचा कुठला कागद?"

मी तात्यांकडे बघितलं. तात्या माझ्याकडे बघत नव्हते. ते काचेतून पाण्याकडे बघत होते.

"साहेब, आदी ह्यो आकडा बघा," ते म्हणाले.

साहेबांनी कागद ओढून घेतला. वाचला. पुढच्या क्षणी ते ओरडायला लागले. भोंगा वाजवा, पोलीसपाटलाला फोन लावा, तहसीलदारांना लावा. कुठला कागद, हे विचारायला पुन्हा कुणालाच सवड झाली नाही. चारला पाच मिनिटं कमी होती.

पोलीसपाटील फोन उचलत नव्हता. ढोलताशात त्याला कसा ऐकू जाणार? भोंगा वाजत होता, पण वारा उलटा होता. तात्यांनी स्वतःच्या मोबाइलवरून बायकोला लावला, आणि तिनं पहिल्याच घंटीला उचलला. दिवसभर ती फोन हातात धरूनच बसली असणार.

"कुठं हाईस?" तात्या म्हणाले.

ती नदीत होती. पालखी यायच्या आधी गावच्या बायका पात्रात उतरून वाट झाडतात, सडा टाकतात, गोट्यांवर रांगोळी काढतात. तीस-पस्तीस बायका होत्या, लेकरं होती. तात्यांनी फक्त ऐकून घेतलं आणि मग इतक्या शांतपणे बोलले की मला तो आवाज ओरडण्यापेक्षा भयंकर वाटला. "सगळ्यास्नी वर काढ. रांगोळी ऱ्हाऊ दे. पोरं मोज. मोजून वर काढ. आन दशरथाला सांग, पालखी देवळाच्या फुडं आनायची न्हाय. माझं नाव सांग. पानी येतंय."

मग काही करण्यासारखं उरलं नाही. सव्वाचारला साहेबांनी पहिला दरवाजा उघडला, आधी वीतभर, मग हातभर. पाच वाजता करंजोळहून फोन आला. सगळी माणसं वर होती. गावातले काहीजण साहेबांच्या नावानं शिव्या देत काठावर उभे होते, पुन्हा फसवलं म्हणून. पाच वाजून पाच मिनिटांनी पाणी आलं. शिव्या थांबल्या. सडा घातलेली वाट, रांगोळी, बायकांच्या मागे राहिलेल्या दोन बादल्या, सगळं त्यांच्या डोळ्यांदेखत गेलं.

दिवस मावळताना साहेब खाली गेले. जाताना माझ्या पाठीवर थाप मारली. "उशीर केलास, पण वेळेत केलंस," म्हणाले. मी केबिनच्या बाहेरच्या कट्ट्यावर बसले होते. तात्या येऊन शेजारी टेकले.

"तात्या, तुम्ही तो कागद दिलाच नाहीत?"

"द्यायलाच निगालो हुतो." त्यांनी शर्टाच्या खिशावर हात ठेवला. "साहेब फोनवर हुते. म्हनलं, तवर बायकूला सांगून टाकू. आकडा आला, बिनघोर जा म्हनावं. फोन लावला. ती हॅलो म्हनली. आन माझ्या तोंडातनं शब्दच निगंना. हितं पानी चढताना दिसतंय, लाल झालंय, आन कागद म्हनतोय अठ्ठावीसशे. मशीनचं चुकलं आसंल, म्हनलं. घरच्या मानसाला जे सांगवंना, ते साहेबाला कसं देऊ? साहेबानला सांगितलं, मशीन अडलंय, ताई बसल्यात, जरा येळ द्या त्यास्नी. फोन करू नगा म्हनलं. कागद खिशात ठिवला."

म्हणून साहेबांचा फोन आला नव्हता.

"तुमची नोकरी गेली असती तात्या."

"म्हैना ऱ्हायलाय माझा. ग्येली आसती तर ग्येली आसती." ते हसले. मग खिशातून त्यांनी आपट्याची पानं काढली, दिवसभर खिशात राहून चुरगळलेली, आणि माझ्यापुढे धरली. "घ्या. सोन्यासारक्या ऱ्हावा. मशीन बिगाडलेलं आसताना तुमी हाटला न्हाईत, म्हनून माझी मानसं वर आली."

मला हात पुढे करवेना.

गप्प बसले असते तर चाललं असतं. साहेबांना काही माहीत नव्हतं, काकांना अर्धंच माहीत होतं, आणि तात्यांच्या डोक्यात मशीन चुकलेलं होतं. ते मला लाख मोलाचं प्रमाणपत्र देत होते, आणि मी ते फक्त घ्यायचं होतं. पण त्या माणसाच्या बायकोनं नदीच्या पात्रात उभी राहून लेकरं मोजली होती.

"मशीनचं चुकलं नव्हतं," मी म्हटलं. "मी दोन दिवसांचा पाऊस काढून टाकला होता. आकडा निघत नव्हता म्हणून. तो कागद खोटा आहे हे मला माहीत होतं."

तात्यांचा हात पुढेच राहिला होता.

"म्हंजे, मी इचारलं तवा?"

"तेव्हाही माहीत होतं."

पाण्याचा आवाज खूप होता. त्यांना ऐकू गेलं नसेल असं मला क्षणभर वाटलं, आणि क्षणभर तशी आशाही वाटली. मग त्यांनी पानं माझ्या शेजारी कट्ट्यावर ठेवली, हातात दिली नाहीत, आणि उठले.

"माझं पोरगं हुतं खाली, ताई," एवढंच म्हणाले. रागानं नाही. मला रागानं बोललेलं चाललं असतं.

दुसऱ्या दिवशी विभागीय कार्यालयातून पासवर्ड मागवून मी लिमिट कायमचं वाढवलं. एका कागदावर सगळं मराठीत लिहिलं, काय करायचं आणि का करायचं, आणि तो कॉम्प्युटरच्या वर भिंतीला चिकटवला. नोंदवहीत मात्र मी आदल्या दिवसापुढे तांत्रिक अडचण असं लिहिलं, आणि साहेबांनी त्याखाली सही केली. माझं कंत्राट वाढलं. साहेबांना मी खरं कधीच सांगितलं नाही.

तात्याही कुणाला बोलले नाहीत. ऑक्टोबरअखेर ते निवृत्त झाले. तोवर रोज दुपारी बाराला ते खोलीत यायचे. पूर्वीसारखे दारात नाही, आत यायचे, माझ्या पाठीशी उभे राहायचे, मी कमांड टाकताना पडद्याकडे बघायचे. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, पण फायलींची संख्या कुठे दिसते ते त्यांनी विचारून घेतलं होतं. दोन हजार पाचशे ब्याण्णव हा आकडा स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय ते प्रिंटरपाशी जात नसत. शेजारी खुर्ची रिकामी असायची. बसा म्हणायचं धाडस मला एकदाही झालं नाही.